85 हजार भरण्याआधी भिंतीला टेकून उंची मोज

पलूस तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं:

"सर, मी कृष्णाकाठच्या गावचा. वय 20. दहावीला 61 टक्के, बारावी कॉमर्सला 56 टक्के. 2019 च्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. बोटीतून आलेल्या माणसांनी आजीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, तेव्हापासून अग्निशमन दलात जायचं डोक्यात आहे. इथल्या एका इन्स्टिट्यूटचा 'फायर अँड सेफ्टी'चा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी 85 हजार, नोकरीची शंभर टक्के हमी म्हणतात. पप्पा सोसायटीचं कर्ज काढायला तयार आहेत. आई म्हणते, आगीत उडी घ्यायला तुला एवढा वाढवला का? माझी उंची 168 आहे. बहीण बारावी सायन्सला आहे, ती विचारते, मुलींना घेतात का? आणि एक गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही. उंचावर गेलं की माझे पाय कापतात. मागं पाण्याच्या टाकीवर चढलो होतो, तर मला खाली उतरवायला दोन पोरं वर यावी लागली. तरी हे काम मला जमेल का? सुरुवात कुठून करू?"

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात मी 31 वर्षं काढली. फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. तुझ्यासारखी बरीच पोरं केंद्राच्या फाटकाशी येऊन उभी राहिलेली पाहिली आहेत. त्यातली काही पुढे माझ्याच गाडीवर आली. काही मात्र नको तिथे पैसे आणि वर्षं घालवून हात हलवत परत गेली. म्हणून आधी पैशांचं बोलतो, बाकीचं नंतर.

पप्पांना आजच सांग, कर्जाचा अर्ज थांबवा.

अग्निशमन दलात शिरायला साधारण दोन दारं आहेत, आणि दोन्हींची रीत उलटसुलट आहे. पहिल्या दारात आधी भरती करतात आणि मग स्वतःच शिकवतात. मुंबई अग्निशमन दल तसं आहे. तिथे 2023 साली 910 अग्निशामकांची भरती दहिसरच्या मैदानावर झाली, तेव्हा शिक्षणाची अट होती बारावी 50 टक्के. कुठला कोर्स केलेला असावा अशी अट नव्हती, निवडलेल्यांना दलच प्रशिक्षण देतं. दुसऱ्या दारात आधी कोर्सचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, मगच अर्ज घेतात. पुण्यासारख्या महापालिकांच्या जाहिरातीत दहावी पास, त्यासोबत महाराष्ट्र अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स, एमएस-सीआयटी आणि मराठीचं ज्ञान, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझजवळ कलिनाला आहे, सरकारचं आहे. जाहिरातीत संस्थेचं नाव लिहून दिलेलं असतं, ते उगाच नाही. तुझ्या गावाजवळच्या इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र कितीही सोनेरी कागदावर छापलेलं असलं, तरी पडताळणीच्या टेबलावर बसलेला माणूस नाव जुळतं का, एवढंच बघतो. नाही जुळलं की तुझा अर्ज बाजूला.

त्या इन्स्टिट्यूटमध्ये जा आणि शांतपणे एकच प्रश्न विचार: तुमचं प्रमाणपत्र दाखवून कुठल्या महापालिकेत कायम फायरमन लागला? त्या महापालिकेची निवड यादी दाखवा. मॉलमध्ये गणवेश घालून उभ्या असलेल्या पोराचा फोटो दाखवतील. तो फोटो खोटा नसेल. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने मोठ्या इमारतींना दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. त्यामुळे पंप, स्प्रिंकलर, अलार्म बघणाऱ्या माणसांना खासगीत काम मिळतं. ते कामही महत्त्वाचं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या कामाला 85 हजार लागत नाहीत, आणि तुला ते काम करायचंही नाही. 'सेफ्टी ऑफिसर बनवू' असंही ते म्हणतील. कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरची पात्रता कायद्याने वेगळी ठरवलेली आहे. त्याला पदवी किंवा अभियांत्रिकीची पदविका, कामाचा अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. बारावी कॉमर्सवर एका वर्षात ते होत नाही.

आता तुझ्या उंचीचं. 168 ही उंची कुणी, कधी, कशी मोजली? बूट घालून मोजली असेल तर ती 165 सुद्धा निघू शकते, आणि 165 वर तुझं सगळं गणित उभं आहे. सकाळी उठल्यावर अनवाणी भिंतीला टेकून उभा राहा. टाच, कुल्ले, पाठ, डोकं भिंतीला लागू दे, डोक्यावर पाटी आडवी धर आणि बहिणीला खूण करायला सांग. तीच उंची संध्याकाळी पुन्हा मोज. माणूस दिवसभरात सेंटीमीटरभर खचतो, त्यामुळे संध्याकाळचा आकडा खरा धर. मैदानावर तुझा नंबर दुपारी तीनला लागू शकतो.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? मुंबईच्या त्या भरतीत पुरुषांना 172 सेंटीमीटर उंची हवी होती. म्हणजे मुंबईचं दार तुझ्यासाठी बंद आहे, आणि तू रोज दहा किलोमीटर धावलास तरी ते उघडणार नाही. दरवेळी शेकडो पोरं एसटीने रात्रभर प्रवास करून मैदानावर येतात आणि पहिल्या मापातच परत फिरतात. मी मापाच्या पट्टीशी उभा राहिलेलो आहे. एका सेंटीमीटरने राहिलेल्या पोराच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. हे तुझ्यावर येऊ नये म्हणून हे आज घरी बसून लिहितो आहे.

कलिनाच्या अग्निशामक कोर्सला मात्र 165 सेंटीमीटर, 50 किलो वजन, आणि छाती 81, फुगवून 86, अशी मापं मागतात. दहावीला खुल्या वर्गातून 50 टक्के, राखीव वर्गातून 45. तुझे 61 आहेत. म्हणजे तुझं दार हेच. पण वयाची अट 18 ते 23 आहे, आणि तू 20 चा आहेस. प्रवेश वर्षातून एकदा, जागा थोड्या, त्यासाठी लेखी परीक्षा. तुझ्या हातात फार तर तीन प्रयत्न आहेत. ज्या वर्षात तू तो डिप्लोमा करत बसशील, त्या वर्षात यातला एक प्रयत्न जाईल. 85 हजारांपेक्षा मला त्या वर्षाची जास्त काळजी वाटते. पैसे ऊस गेला की परत येतील, वय येत नाही.

लेखी परीक्षा दहावीच्या पातळीची असते. गणित, विज्ञान, सामान्य ज्ञान. कॉमर्समुळे विज्ञान सुटलं असेल तर आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं काढ. उष्णता, दाब, ज्वलन, वीज हे धडे नीट वाच. परीक्षेपुरतं वाचू नकोस. गॅस सिलिंडर का फुटतो, विजेच्या आगीवर पाणी का मारायचं नाही, उकळत्या तेलात पाणी पडलं तर भडका का उडतो, हे सगळं त्या धड्यांमध्येच आहे, आणि पहिल्याच महिन्यात ते तुझ्या उपयोगी पडेल.

आणखी एक दार तुला उघडं राहू शकतं, ते विमानतळाचं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची अग्निशमन सेवा वेगळी असते. तिथे बारावीला 50 टक्के आणि 167 सेंटीमीटर उंची मागतात, पण सोबत वाहन चालवायचा परवाना लागतो. परवाना हलक्या वाहनाचा असेल तर तो दोन वर्षं जुना असावा लागतो. म्हणून आरटीओला या महिन्यातच जा. परवाना आज काढलास तर दोन वर्षांनी तो कामाचा होईल. जाहिरात आल्यावर धावपळ करून काढलेला परवाना काही उपयोगाचा नाही. पुढे जड वाहनाचा परवानाही काढ. ज्याला बंब चालवता येतो आणि पंपावर उभं राहता येतं, असा माणूस प्रत्येक केंद्राला हवा असतो. सीआयएसएफच्या अग्निशमन शाखेचं विचारशील, म्हणून सांगतो. तिथे बारावी सायन्स लागतं, त्यामुळे ते तुझं नाही. आणि 'अग्निवीर' हे तर संपूर्ण वेगळं आहे, ती सैन्याची भरती. नावावरून फसून त्याचे फॉर्म भरलेली पोरंही मला भेटली आहेत.

एक सुचवतो, त्याचा शांतपणे विचार कर. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ला नाव घाल. कलिनालाच सब ऑफिसरचा एक वर्षाचा कोर्स आहे, त्याला पदवी लागते आणि वय 25 पर्यंत चालतं. आता सुरुवात केलीस तर 23 व्या वर्षी पदवी हातात येईल आणि आणखी दोन वर्षं मिळतील. फायरमन म्हणून आधीच लागलास तरी पदवी वाया जात नाही. फायरमन, मग लीडिंग फायरमन (पुण्यात त्याला तांडेल म्हणतात), मग सब ऑफिसर, मग स्टेशन ऑफिसर, या वाटेवर कधी ना कधी कुणीतरी पदवी विचारतंच. मी ती उशिरा केली, चाळिशीत, रात्रपाळीच्या पहाटे पुस्तकं उघडून.

बहिणीला सांग, घेतात. सरकारी भरतीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे, मुंबई दलात मुली गाडीवर जातात. मुंबईच्या त्या भरतीत मुलींना 162 सेंटीमीटर उंची होती. पण ती सायन्सला आहे आणि गणित घेतलं असेल, तर तिने आणखी वर बघावं. नागपूरला केंद्रीय गृह मंत्रालयाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, 1957 पासून नागपुरात आहे. तिथे फायर इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी मिळते. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तिथून शिकल्या आणि 2006 मध्ये ओएनजीसीत रुजू झाल्या. देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून त्यांची ओळख आहे. तुझी बहीण या वाटेने गेली तर ती थेट अधिकारी म्हणून लागेल आणि तू तिला सॅल्यूट करशील. यात मला आनंदच आहे.

आता तू घरात न सांगितलेली गोष्ट. ती मला लिहिलीस हे बरं केलंस, कारण तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यात आम्हाला 35 फुटी एक्स्टेन्शन शिडीवर चढवलं. शिडी भिंतीला नव्हती. दोन्ही बाजूंनी दोरांनी ताणून मोकळ्या मैदानात उभी केली होती. अर्ध्यावर गेलो आणि शिडी डुलायला लागली. तसं ते थोडंसंच होतं, पण मला वाटलं, सगळं मैदानच कलंडतंय. हात पायरीला असे आवळले गेले की बोटं पांढरी पडली, आणि गुडघा आपोआप शिडीवर टकटक आपटायला लागला. तो आवाज खाली सगळ्यांना ऐकू जात होता. आमचे उस्ताद शिडीच्या पायथ्याशी पाय रोवून उभे होते. ते ओरडले नाहीत, हसले नाहीत. म्हणाले, "पायऱ्या मोठ्याने मोज. तू कितव्यावर आहेस?" मी म्हणालो, अकरा. "मग अकरावर थांब, दहा श्वास घे, आणि खाली ये." दुसऱ्या दिवशी मला बारावर जायचं होतं. तिसऱ्या दिवशी पंधरावर. तीन आठवड्यांनी मी शेंड्यावर 'लेग लॉक' लावून दोन्ही हात सोडून उभा होतो. लेग लॉक म्हणजे एक पाय पायरीवरून आत घालायचा आणि खालच्या पायरीत आतून अडकवायचा. मग अंगाचं वजन मांडीवर येतं आणि हात होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, धरायला मोकळे राहतात. भीती गेली होती का? नाही. पण भीती वाटत असताना काय करायचं, ते हातापायांना कळलं होतं.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी वर्दी आली. आगीच्या किंवा मदतीच्या फोनला आमच्याकडे 'वर्दी' म्हणतात. चौथा मजला, दार आतून लागलेलं, दीड-दोन वर्षांचं मूल आत, आणि गॅसवर दूध. आई कचरा टाकायला दाराबाहेर आली आणि वाऱ्याने दार लागलं. सेफ्टी दार लोखंडी, ते तोडायला वेळ लागला असता. मी पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून दोराने खाली उतरलो. उतरताना माझ्या मनात उंची नव्हती. मनात फक्त कमरेची गाठ होती, बोलाइन, आणि वर दोर धरणाऱ्या दोघांचे हात. आत गेलो तर दूध जळून पातेलं काळं पडलं होतं, स्वयंपाकघरात धूर डोक्याएवढ्या उंचीवर उतरला होता. मूल दाराशी बसलं होतं, हातात आईची चप्पल घेऊन. आधी गॅसची खटकी बंद केली, मग मुलाला उचललं, मग कडी काढली. सगळं मिळून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी तीन आठवडे अकरा, बारा, पंधरा मोजत काढलेले होते.

तर तुझं काय? पाय कापणं वेगळं आणि चक्कर येऊन ओकारी होणं, कानात आवाज येणं वेगळं. दुसरं होत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. नुसते पाय कापत असतील तर तो सरावाचा विषय आहे. पाण्याच्या टाकीवर पुन्हा जाऊ नकोस, ते धोक्याचं आहे आणि परवानगीही नसते. तुमच्या भागात तालीम आहे का बघ, दोरीचा मल्लखांब शिकवणारं कुणी असेल तर आजपासून जा. उंची, पकड आणि दोरावर शरीर सांभाळणं, तिन्ही गोष्टी तिथे एकत्र शिकायला मिळतात. मुंबईच्या भरतीत 19 फुटांवरून जंपिंग शीटमध्ये, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडात, उडी मारायची चाचणी असते. शीटमध्ये पायांवर पडायचं नसतं, बसल्यासारखं पाठीवर पडायचं असतं, आणि ती पद्धत शिकवल्याशिवाय कुणी करू नये. पण कठड्यावरून पाय सोडायचा तो एक क्षण, तो विहिरीवर शिकता येतो. पोहता येत असेल तर खोल पाण्याच्या, गाळ नसलेल्या विहिरीत, जाणत्या माणसांसोबत, खालच्या पायरीपासून सुरू कर आणि दर आठवड्याला थोडं वर सरक. पोहता येत नसेल तर तेच पहिलं शीक. तू कृष्णाकाठचा आहेस. अग्निशमन दलाचं निम्मं काम पाण्यातलं, झाडाखालचं, विहिरीतलं, लिफ्टमधलं असतं हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझ्या आजीला पाठीवर घेणाऱ्या माणसांनी त्या दिवशी आग पाहिलीसुद्धा नव्हती.

सहा महिने प्रामाणिकपणे करूनही पाय आहेत तिथेच राहिले, तर मला तसं लिही. त्यात लाज नाही. मग आपण दुसरी वाट शोधू.

ताकदीचं बोलायचं तर तुझ्या घरात सगळं सामान आहे. चाचणीतला माणसाचा पुतळा साधारण 50 किलोचा असतो, डीएपीची गोणीही 50 किलोची. ती खांद्यावर घेऊन शंभर पावलं चाल. फरक एवढाच की गोणी ताठ असते, बेशुद्ध माणूस सैल असतो, हातातून निसटतो. म्हणून भावंडाला उचलूनही सराव कर, त्याला सांग अंग सैल सोड. 800 मीटर तीन मिनिटांत हे मुंबईचं माप आहे, तुझ्या दारातही ते जवळ ठेव. 63 मिलिमीटरच्या, 15 मीटर लांब होजमध्ये पाणी भरलं की आतल्या पाण्याचंच वजन 46-47 किलो होतं. असे तीन-चार होज जोडून जिन्यावरून वर न्यायचे असतात, आणि पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र. त्याचा सिलिंडर 6 लिटरचा, 300 बार दाबाने भरलेला, म्हणजे 1800 लिटर हवा. कागदावर ती पाऊण तास पुरते. जिना चढून होज ओढणाऱ्याला, धाप लागली असेल तर, निम्माच वेळ मिळतो. दाब 50-55 बारवर आला की शिट्टी वाजते आणि बाहेर पडायचंच. जो पोरगा धावून आल्यावर दोन मिनिटांत श्वास खाली आणू शकतो, तो आत जास्त वेळ काम करू शकतो. म्हणून धावण्याइतकाच श्वास खाली आणण्याचा सराव कर. तंबाखू, गुटखा, सिगारेट यातलं काही असेल तर आज सोड.

डोळेही आत्ताच तपास. रंगांधळेपणा असेल तर कुठलंच दार उघडत नाही, आणि ते अनेकांना विशीपर्यंत माहीतच नसतं. सरकारी रुग्णालयात ठिपक्यांच्या चित्रांची चाचणी पाच मिनिटांत होते. डोमिसाईल, जातीचा दाखला लागत असेल तर तो, नॉन-क्रीमीलेअर, हे सगळं काढून ठेव, याचं जास्त सांगायला नको.

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात 'आपदा मित्र' योजनेचं विचार. 12 दिवसांचं प्रशिक्षण असतं, पैसे लागत नाहीत. प्रथमोपचार, पूरबचाव, दोरकाम शिकवतात. त्याने नोकरी लागत नाही, पण हे काम आपल्याला आवडतं की फक्त त्याचा गणवेश आवडतो, ते तुला कळेल.

वाट बघावी लागेल, हेही सांगतो. भरती दरवर्षी निघत नाही. जाहिरात येते, थांबते, कोर्टात जाते. काही ठिकाणी कंत्राटावर घेतात, तिथे पगार तुटपुंजा आणि धोका तोच. असं काम घ्यावं लागलं तर विमा आणि संरक्षक कपडे मिळतात का, हे लेखी विचारल्याशिवाय घेऊ नकोस. कायम नोकरीचं म्हणशील तर मुंबईच्या त्या जाहिरातीत वेतनश्रेणी 21,700 ते 69,100 होती, भत्ते वेगळे. घर चालतं. सण मात्र जातात. दिवाळीत आम्ही कधीच घरी नसायचो, फटाक्यांच्या रात्री रजा मिळत नाही.

आईला काय सांगायचं? खोटं सांगू नकोस. या कामात माणसं जातात. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली, त्याच जहाजात दारूगोळा होता, आणि स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण गेले. 9 मे 2015 ला काळबादेवीत जळती इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच गेले, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात. मी नेसरीकर साहेबांना लांबूनच ओळखत होतो, पण ती बातमी आली त्या रात्री आमच्या केंद्रात कुणी जेवलं नाही. दलाचा प्रमुख स्वतः आत होता, हे आम्हा सगळ्यांच्या मनात राहिलं.

पण आईच्या मनात जे आहे, आगीत उडी घ्यायची, ते आम्ही करत नाही. एकटा कुणी आत जात नाही, जोडीनेच जातात. आत जाताना नाव, वेळ आणि सिलिंडरचा दाब बाहेरच्या माणसाकडे लिहून घेतला जातो, आणि तो घड्याळाकडे बघत उभा असतो. होजवरचा हात सोडायचा नाही, कारण धुरात तोच परतीचा रस्ता. 'बाहेर या' म्हटलं की यायचं, वाद घालायचा नाही. माझ्या 31 वर्षांत ज्या पोरांची मला काळजी वाटली, ती शूर दिसायला आतुर असलेली पोरं होती. पाय कापतात असं आधीच सांगणाऱ्याची मला कमी काळजी वाटते. तो गाठ दोनदा तपासतो.

दरवर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात केंद्रं लोकांसाठी उघडी असतात, प्रात्यक्षिकं दाखवतात. सांगलीला महापालिकेच्या केंद्रावर जा, सकाळी परेडच्या वेळेला, आणि आईला बरोबर ने. तिथल्या कुणाला तरी सांग, की हिला बीए सेट हातात देऊन दाखवा. त्याची शिट्टी कशी वाजते ते तिला ऐकू दे. तिला जे विचारायचं असेल ते विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस. घरी आल्यावर संध्याकाळी भिंतीवरची ती खूण पुन्हा मोज आणि आकडा मला कळव.